मागच्या सीलवर आळ घेण्याआधी

जुन्या जॅग्वारच्या बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं, क्लच झाकणारं घर) ऑइलचा थेंब लोंबताना दिसला की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य कानावर येतं: "साहेब, क्रँकचं मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल." ते खोटं असतंच असं नाही, पण फार लवकर बोललं जातं. जॅग्वारच्या एक्सके इंजिनात मागच्या सीलला हात घालायचा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बाहेर, क्लच-फ्लायव्हील बाहेर, आणि दोराचं सील नीट बसवायचं तर क्रँकही बाहेर. एवढं सगळं करून गाडी परत उभी केली आणि ऑइल त्याच जागी टपकलं, तर समजावं की ते येत होतं वर हेडच्या मागे असलेल्या तांब्याच्या एका वायसरातून.

म्हणून इंजिन उतरवायच्या आधी काय काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने, ते इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण एक्सकेचं घेतलंय, कारण मार्क टू आणि सहा सिलिंडरची ई-टाइप या दोन्ही गाड्यांत तेच इंजिन आहे आणि त्याच्या गळतीच्या खोडी ठरलेल्या आहेत. पद्धत मात्र त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश इंजिनांना चालते.

आधी इंजिनाचा स्वभाव. १९४८ साली एक्सके १२० बरोबर हे इंजिन आलं. बीडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, वर दोन कॅमशाफ्ट, खाली क्रँकला सात मेन बेअरिंग. ३४४२, ३७८१ आणि ४२३५ सीसी ही त्याची मोठी रूपं. ई-टाइपमध्ये त्यात सुमारे साडेआठ लिटर ऑइल बसतं आणि गरम इंजिनावर ३००० आरपीएमला ४० पीएसआयच्या आसपास दाब अपेक्षित असतो. क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्या गाड्यांसारखं रबरी ओठाचं सील नाही. तिथे क्रँकवर उलट्या आट्यांची पट्टी कापलेली आहे. क्रँक फिरतो तसं त्या आट्या बाहेर येऊ पाहणारं ऑइल स्क्रूसारखं आत ढकलतात. नंतरच्या इंजिनांत त्याच्या जोडीला ग्राफाइट लावलेला अॅस्बेस्टॉसचा दोर आला.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. आट्या फिरत असतात तोवरच काम करतात. इंजिन बंद झालं की तिथे उरतो तो फक्त दोर. आणि क्रँककेसमध्ये हवेचा दाब साचला तर आट्या हरतात, ऑइल बाहेर येतंच. म्हणजे सील पूर्ण धड असूनही मागून गळती होऊ शकते, आणि दोष पुढच्या ब्रीदरमध्ये (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेत) असू शकतो. निदानाची निम्मी लढाई या एका वाक्यात आहे.

गळतंय ते नेमकं काय

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण इथेच फसायला होतं. पांढरा पुठ्ठा किंवा जुन्या वर्तमानपत्राचे चार थर गाडीखाली रात्रभर ठेवा. पुठ्ठ्यावर पुढचं चाक कुठे येतं त्याची खूण करा, म्हणजे डाग इंजिनाच्या कुठल्या भागाखाली पडला ते सकाळी मोजता येईल.

काळपट तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. पिवळसर, जाड आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ईपी ९०, म्हणजे डिफरन्शियलचं किंवा ४.२ लिटरबरोबर आलेल्या ऑल-सिंक्रो गिअरबॉक्सचं. पण ३.८ च्या ई-टाइपमध्ये जुना मॉस गिअरबॉक्स असतो आणि त्यात एसएई ३० चं इंजिन ऑइलच भरायचं असतं. वासावरून काहीच कळत नाही. तिथे रंग बघायचा: गिअरबॉक्समधलं ऑइल धुरात-काजळीत फिरत नसल्यामुळे बराच काळ स्वच्छ राहतं. बेलहाउसिंगमधून पडणारा थेंब मधासारखा निघाला आणि डिपस्टिकवरचं ऑइल काळंभोर असलं, तर इंजिनावरचा संशय तिथेच संपतो; बघायचं ते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडे.

पाण्यासारखं पातळ, बोटांना निसरडं आणि रंग उडवणारं काही असेल तर ते क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल. शंका वाटली तर वाटीभर पाण्यात एक थेंब सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, इंजिन ऑइल तवंगासारखं वर तरंगतं.

आणि मोजून ठेवा. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर कोरडा कागद आणि सकाळचा ओला कागद, दोन्हींचं वजन करा. ऑइलची घनता साधारण ०.८८ धरा; म्हणजे ९ ग्रॅम वाढले तर जवळपास १० मिलिलिटर गेलं. "खूप गळतंय" आणि "थोडं गळतंय" या शब्दांवर दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतरची तुलना होत नाही. दुसरं असं, की डिपस्टिकवर कमी झालेलं ऑइल आणि खाली पडलेलं ऑइल यांचा मेळ बसला पाहिजे. दर पाचशे किलोमीटरला अर्धा लिटर घालावं लागतंय आणि कागदावर दहा-वीस ग्रॅमच दिसतायत, तर बाकीचं जळतंय. घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडला आणि पुन्हा दाबला की मागे निळा धूर येतो का बघा. पुण्यात कात्रजचा उतार त्यासाठी पुरेसा आहे. येत असेल तर व्हॉल्व्ह गाइडकडे लक्ष द्यायला हवं. तो वेगळा विषय.

धुणं

घाणेरड्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे पावसात अश्रू शोधणं. आधी सगळं धुऊन कोरडं करायचं.

प्रेशर वॉशर मात्र नको. सर्व्हिस स्टेशनचा फवारा डिस्ट्रिब्युटरमध्ये, डायनामोत आणि दोन कॅम कव्हरच्या मधल्या घळीत जातो, जिथे सहाही स्पार्क प्लग बसलेले आहेत. पाणी तिथे साचलं की गाडी मिसिंग करते आणि गळतीसोबत दुसरंच दुखणं मागे लागतं. थंड इंजिनावर रॉकेल किंवा डीग्रीझर, रंगाचा दोन इंची ब्रश, कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश, आणि कॉटन वेस्टऐवजी धागे न सुटणारं सुती कापड. वरून खाली या क्रमाने. शेवटी सांध्यांवर ब्रेक क्लीनर मारा म्हणजे तेलकट थर उरत नाही. ब्रेक क्लीनर आणि गरम एग्झॉस्ट यांची गाठ पडू देऊ नका. इंजिन पूर्ण गार असायलाच हवं. गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर नाही, घोड्यांवर (अॅक्सल स्टँडवर), चाकांना अटकाव लावून.

एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आसपासची आणि क्रँकजवळची जुनी काजळी, दोराचे तंतू हे सगळं ओलं करूनच पुसा. मूळ दोर, क्लचच्या जुन्या प्लेटा, जुनी एग्झॉस्ट पॅकिंग यांत अॅस्बेस्टॉस असतं. बेलहाउसिंगमध्ये कंप्रेसरची हवा मारून धूळ उडवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती इथे जिवाशी खेळ आहे.

पावडर आणि डाय

धुतलेल्या, कोरड्या सांध्यांवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. साधी पावडर, मऊ ब्रशने. ऑइल जिथून पाझरतं तिथे आधी राखाडी ठिपका येतो, मग त्याची रेघ खाली धावते. रेघेचं वरचं टोक म्हणजे उगम. रांगोळी वापरू नका. ती दगडाची भुकटी आहे, आणि ऑइल भरायच्या तोंडाजवळ किंवा सीलच्या ओठावर तिचे कण गेले तर पॉलिश पेपरचं काम करतात.

पावडर लावायची जागा दिसत नसेल, जसं हेडच्या मागे फायरवॉलशी, तर ऑइलमध्ये मिसळायचा फ्लुरोसंट डाय. बाटलीवर किती लिटरला किती डाय ते लिहिलेलं असतं. साधारण चार-पाच लिटर ऑइल बसणाऱ्या इंजिनाचा हिशोब असतो. एक्सकेत साडेआठ लिटर ऑइल असल्याने मात्रा जवळजवळ दुप्पट लागते. एकच बाटली घालून "काही दिसत नाही" म्हणणारे इथेच चुकतात. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतो, पण ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चमध्ये दिसणारा जांभळा उजेड इतका असतो की डायची पिवळट-हिरवी चमक त्यात बुडते. ३६५ चा मिळाला तर तो घ्या, पिवळा चष्मा लावा, आणि अंधार पडल्यावर बघा. जुनं ऑइल स्वतःही थोडं निळसर चमकतं. त्याला डाय समजू नका.

मग इंजिन चालवायचं, पण एकदम रस्त्यावर नाही. पहिली फेरी जागेवर: थंड इंजिन सुरू करून दहा मिनिटं आयडल, बंद, तपासणी. दुसरी फेरी: इंजिन पूर्ण गरम, ३००० आरपीएमला दोन-तीन मिनिटं, बंद, तपासणी. दाबाखालच्या जागा, म्हणजे बँजो (ऑइलची नळी पोकळ बोल्टने जोडतात तो सांधा), सेंडर (ऑइलचा दाब काट्याला कळवणारा), फिल्टर, इथेच उघड्या पडतात. रस्ता तिसऱ्या फेरीला. वाऱ्याने आणि फॅनने ऑइल मागे मागे सरकतं. पुढच्या टायमिंग कव्हरची गळती वीस किलोमीटरनंतर चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्राच्या) कडेने बेलहाउसिंगपर्यंत पोचलेली असते, आणि मग पुन्हा तेच "मागचं सील".

(पन्नास वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हीए मालिकेत नोंदवलेली असेल, तर ती रोजच्या वापराला काढता येत नाही, पण देखभालीसाठी आणि इंधनासाठी रस्त्यावर आणायला मुभा आहे. चाचणीची फेरी देखभालीत बसते. कागद बरोबर ठेवा.)

वरून खाली

एक्सकेत बेलहाउसिंग ओलं करणाऱ्या जागा बहुतेक वर, हेडच्या मागच्या टोकाला आहेत. आरसा, टॉर्च आणि लांब मान लागते.

सगळ्यात आधी रेव्ह काउंटरचा, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या काट्याचा, जनरेटर. मार्क टू आणि ई-टाइपमध्ये तो इनलेट कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला बसवलेला असतो, ओ-रिंगवर. ती ओ-रिंग उष्णतेने कडक होते, चपटी पडते. ऑइल हेडच्या पाठीवरून ब्लॉकच्या पाठीवर, तिथून बेलहाउसिंगच्या माथ्यावर आणि मग दोन्ही बाजूंनी ओघळून तळाला. खालून पाहणाऱ्याला हा मागच्या सीलचाच पाझर दिसतो. ओळख सोपी आहे: बेलहाउसिंगच्या माथ्यावर बोट फिरवा. माथा ओला असेल तर ऑइल वरून आलंय. मागचं सील गळून माथा ओला होत नाही. नवी ओ-रिंग नायट्राइल किंवा व्हायटॉनची घ्या. जुनी मोजताना तिची जाडी फसवी असते, कारण ती आधीच दबलेली असते. खाचेच्या मापावर जा. एग्झॉस्ट कॅमच्या मागचं टोकही त्याच वेळी बघा.

दुसरी जागा, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित: हेडला ऑइल पुरवणारी बाहेरची बारीक नळी. ब्लॉकच्या मुख्य गॅलरीतून ही नळी मागून वर जाते आणि बँजो बोल्टांनी हेडला जोडलेली असते. प्रत्येक बँजोला दोन तांब्याचे वायसर, एक नळीच्या वर, एक खाली. इथे ऑइल पूर्ण दाबाने असतं. त्यामुळे वायसर किंचित जरी बसला नसेल तरी थेंब पडत नाहीत, बारीक फवारा उडतो, आणि फायरवॉलवर ठिपके दिसतात. गाडी थांबवली की काहीच नाही. आयडलला शांत आणि ३००० ला ओलं होणारं बेलहाउसिंग दिसलं की आधी इथे बघा.

तांब्याचा वायसर एकदा दाबला की कडक होतो. पुन्हा तोच घट्ट केला तर बसत नाही, आणि जास्त आवळला तर बँजो बोल्ट तुटतो, कारण तो आतून पोकळ असतो. नवे वायसर मिळाले तर उत्तम. नसतील तर जुने मऊ करून घ्या. कसब्यात तांबट आळीत हे काम पिढ्यान् पिढ्या भांड्यांवर चालत आलंय: तांबं मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात सोडायचं. पोलाद असं केलं तर कडक होतं. तांब्याचं उलट, ते मऊच राहतं. लाली नीट दिसावी म्हणून हे अंधाऱ्या कोपऱ्यात करा, भर उन्हात तांबं वितळायच्या जवळ जाईपर्यंत कळत नाही. वरची काळी खपली चिंच-मिठाने घासली तरी निघते. नंतर काचेवर चारशे नंबरचा पेपर ठेवून वायसरच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने फिरवा. आडवी रेघ एकही उरता कामा नये. वायसरवर गोल गोल ओरखडे चालतात, आतून बाहेर जाणारा एक ओरखडाही नाही.

मग कॅम कव्हर, ज्याला आपल्याकडे टॅपेट कव्हर म्हणतात. चकचकीत, सुंदर, आणि आजवर कुणी ना कुणी जास्त आवळून वाकवलेली. पॅकिंगची कडा आतल्या बाजूने गळली तर ऑइल प्लगच्या घळीत साठतं. प्लग काढताना सॉकेट तेलात बुडालेलं निघालं की समजा. बाहेरच्या बाजूने गळलं तर ते एग्झॉस्टवर पडतं आणि गाडी उभी केल्यावर बॉनेटखालून जळका वास येतो. कव्हर काढून काचेच्या जाड तुकड्यावर पालथं ठेवा आणि ०.०५ मिमीची फीलर पट्टी कडेखाली जाते का बघा. जात असेल तर त्याच काचेवर २४० नंबरचा वॉटर पेपर चिकटवून, पाणी लावून, आठ-आकड्यासारखं फिरवत सपाट करा.

इथे एक खाच आहे. कव्हर घुमटी नटांनी बसतं, म्हणजे नटाचं वरचं टोक बंद. कव्हर घासून पातळ झालं, किंवा वायसर पातळ आला, तर नट स्टडच्या टोकावर आतून टेकतो. हाताला घट्ट लागतं, पण कव्हर दाबलंच जात नाही. तपासायला नटाच्या आत मातीच्या खेळण्यातली चिमूटभर क्ले भरा, नट लावा, काढा. क्ले पूर्ण चिरडून तळ दिसला तर जाड वायसर घ्या. नट मधून सुरू करून बाहेर जात, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. लांब पाना मुळीच नको. आखूड रिंग पाना आणि मनगटाचा जोर पुरे.

सिलिकॉन सीलंटचा धबधबा इथे ओतायची फॅशन आहे. बाहेर जेवढा लाल किंवा करडा मणी दिसतो तेवढाच आत असतो, आणि आतला तुटून चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतो. गळती थांबते, दाब जातो. पॅकिंग धड आणि कडा सपाट असेल तर न सुकणाऱ्या सीलंटचा नखभर पातळ थर पुष्कळ झाला.

आता खाली, फिल्टरच्या बाजूला. डबीच्या तोंडाची रबरी रिंग प्रत्येक वेळी नवी असते, पण जुनी खाचेत काळी होऊन चिकटलेली असते आणि खाचेसारखीच दिसते. तिच्यावर दुसरी बसवली की इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांत लिटरभर ऑइल रस्त्यावर. बोथट टोकाने खाच खरवडून खात्री करा. फिल्टरच्या डोक्यावरचा ऑइल प्रेशरचा सेंडर आटे सोडून पत्र्याच्या वळलेल्या कडेतून पाझरतो. त्याची वायर ओली असेल तर तो बदलाच, टेफ्लॉन टेप लावून काही होत नाही. आणि रिलीफ व्हॉल्व्हमधून परतणारं ऑइल चेंबरमध्ये नेणारा आखूड रबरी पाईप हाताने पिळून बघा. कडक आणि भेगाळलेला असतो, पण वरून दिसतच नाही. रेडिएटरचा पाईप कापून तिथे लावू नका; तो पाण्यासाठीचा रबर आहे, गरम ऑइलने फुगून मऊ पडतो.

टायमिंग कव्हर आणि पुढचं क्रँक सील: पुलीच्या मागे चक्राकार उडालेलं ऑइल दिसतं. चेंबर खाली घेतल्याशिवाय हे काम नीट होत नाही, म्हणून करायचं तर चेंबरची पॅकिंग, त्याचं मागचं बुचाचं सील आणि पुढचं सील एकत्र करा. सील बसतं त्या बाहीवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार.

दाब मोजणं

हे सगळं कोरडं निघालं, तरीही मागच्या सीलवर यायच्या आधी एक मोजमाप उरतं. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा आहे आणि तरी गॅरेजमध्ये ते कुणी करत नाही.

गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी बोहरी आळीत मीटरवर मिळते. दीड-दोन मीटर घ्या, यू आकारात फळीवर बांधा, निम्मी पाण्याने भरा, दिसावं म्हणून पाण्यात चिमूटभर कुंकू. एक टोक रबरी बुचातून डिपस्टिकच्या भोकात हवाबंद बसवा, दुसरं मोकळं. ऑइल भरायचं झाकण लावलेलं हवं. इंजिन गरम करून आयडलला ठेवा. दोन्ही बाजूंच्या पातळीत किती फरक पडतो ते पट्टीने मोजा. पाणी नाचत असेल तर नळीत कापसाचा सैल बोळा घाला, नाच कमी होतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, पण त्याची चिंता नको. नळी बाहेरच्या हवेशी फरक मोजते.

मोकळ्या ब्रीदरच्या धडधाकट इंजिनात फरक एक-दोन सेंटिमीटरच्या आत राहतो. पाचच्या पुढे गेला आणि ३००० ला आणखी चढला, तर आत हवा कोंडतेय. पहिला संशय ब्रीदरवर. एक्सकेत तो हेडच्या पुढच्या तोंडाला आहे, आत जाळी. जून ते सप्टेंबर गाडी दर रविवारी पाच किलोमीटर फिरवून परत झाकून ठेवली तर ऑइलमधली ओल कधीच उडून जात नाही, आणि जाळीवर लोण्यासारखा पिवळट थर बसतो. पाईप आतून पिचलेला, किंवा बॉनेट उघडल्यावर छान दिसावं म्हणून कुणीतरी बसवलेला अंगठ्याएवढा क्रोमचा फिल्टर, हेही नेहमीचे. जाळी रॉकेलमध्ये धुवा, पाईपमधून तोंडाने फुंकून बघा, पुन्हा मोजा. फरक उतरला तर दोनशे किलोमीटर चालवून मागची गळती परत तोला. बऱ्याचदा तिथेच निम्म्याहून कमी होते.

ब्रीदर साफ आणि दाब तरीही चढा, तर पिस्टन रिंगमधून हवा खाली येतेय. कॉम्प्रेशन कोरडं मोजा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर ऑइल घालून पुन्हा मोजा. ओल्या मापात आकडा ठळक चढला तर रिंग किंवा सिलिंडर. अशा इंजिनात नवं मागचं सील बसवणं म्हणजे फुटक्या माठाला बाहेरून लिंपणं.

काही ठिकाणी क्रँककेसमध्ये कंप्रेसरची थोडी हवा भरून साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधतात. कॅम कव्हर, चेंबर यांच्यासाठी ठीक, दाब अगदी कमी ठेवून. पण एक्सकेच्या मागच्या टोकाला या चाचणीचा उपयोग नाही. क्रँकवरच्या आट्या भोवतीच्या घराला टेकतच नाहीत. बंद इंजिनात तिथून हवा येणारच. फुसफुस ऐकून सील गेलं म्हणणं चूक.

शेवटी मागचं सील

बेलहाउसिंगच्या तळाचं पुढचं झाकण काढा आणि आत टॉर्च मारा. फ्लायव्हीलचा इंजिनाकडचा चेहरा ओला, त्यावरून ऑइल गरगरून भिंतीवर वर्तुळात उडालेलं, आणि क्लचकडची बाजू त्या मानाने कोरडी: हे मागचं सील. क्लचकडची बाजू ओली आणि ऑइल स्वच्छ: गिअरबॉक्सचा इनपुट. आतल्या भिंतीवर एकाच बाजूने उभा ओघळ, वर्तुळ नाही: वरून, ब्लॉक आणि बेलहाउसिंगच्या फटीतून आत आलेलं. तिन्हींचा थेंब खालच्या निचऱ्याच्या त्याच छिद्रातून पडतो. ते छिद्र तुंबवू नका; ऑइल आत साठलं तर क्लच भिजतो आणि खंबाटकी चढताना चौथ्यात इंजिन ओरडतं, गाडी मात्र पळत नाही.

उतार पण बघा. तोंड वर करून रॅम्पवर लावलेल्या गाडीत ऑइल मागे सरकून सीलजवळ येतं. बाणेर-पाषाणच्या टेकडीवरच्या सोसायटीत गळणारी गाडी सपाट जागी दोन रात्री लावून पुन्हा तोला. डाग निम्मा झाला तर इंजिन आज उतरवायची घाई नाही. अशा इंजिनाला खनिज २०डब्ल्यू-५० ऑइल द्या. आधुनिक ५डब्ल्यू-३० दोरातून पाण्यासारखं जातं. गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर फुगवतात, आणि इथे मागे रबरच नाही.

इंजिन उतरवणं ठरलंच, तर दोर बसवताना कापून सारखा करायचा मोह टाळा. दोन्ही अर्ध्या घरांत दोर हातोडीच्या लाकडी दांड्याने दाबत, टोकं खाचेत कोंबत बसवायचा, सुटे तंतू सुरीच्या टोकाने आत ढकलायचे, आणि योग्य मापाच्या साइझिंग टूलने ग्राफाइट लावून गोल करायचा. दोन घरांच्या सांध्यात एक तंतू अडकला तरी घर पूर्ण मिटत नाही आणि त्या फटीतून ऑइल वाट काढतं. ओठाच्या सीलची किटही मिळतात. त्यांतल्या काहींना क्रँकवरच्या आट्या घासून गुळगुळीत कराव्या लागतात. त्या गेल्या की परत येत नाहीत, म्हणून भोसरीत क्रँक ग्राइंडिंगला देण्याआधी किटचं माप आणि क्रँकचा रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) दोन्ही हातात असू द्या.

सगळं बसवल्यावर पहिल्या गरम-थंड फेरीनंतर बँजो बोल्ट आणि कॅम कव्हरचे नट थंड इंजिनावर पुन्हा एकदा बघायचे, कारण पॅकिंग बसते आणि नट ढिले होतात. मग तोच कागद, तीच जागा, तेच चाकाचं निशाण, आणि सकाळी काटा.